गंगूच्या पाच पुड्या

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारात एखादा माणूस मला पाहून आधी डावा हात पुढं करतो आणि मग हसतो. मीही हसतो. त्याला माझं नाव माहीत नसतं आणि मला त्याचा चेहरा आठवत नसतो. आमची ओळख एका बोटापुरती. परभणी तालुक्यातल्या अकरा गावांतल्या माणसांची डाव्या हाताची अनामिका टोचण्यात माझी नोकरी गेली. कागदावर मी हिवतापाचा क्षेत्र कर्मचारी, गावात 'मलेऱ्यावाला'. पोरं रात्री झोपेनात की आया सांगायच्या, "झोप, न्हाई तर सुईवाला यील." म्हणजे पोरं झोपवण्याचं कामही मीच करत होतो, फक्त ते कुठल्या रकान्यात भरायचं हे मला कुणी सांगितलं नाही.

बाहेरच्याला हे काम सोपं वाटतं, आणि ते सोपंच होतं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक दारात जायचं. ताप आहे का, येऊन गेला का, घरात पाहुणा आलाय का, हे विचारायचं. ताप असेल तर बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब जाड पसरायचा, दुसरा पातळ ओढायचा, त्यावर शिसपेन्सिलीनं नंबर घालायचा. तिथंच चार पांढऱ्या गोळ्या गिळायला द्यायच्या. या साध्या गोळ्या, कुणालाही चालायच्या. पट्टी आरोग्य केंद्रात जायची आणि आठ-दहा दिवसांनी निकाल यायचा. जंतू सापडले तर खरा उपचार पुढंच. पाच दिवसांच्या पाच पुड्या. पहिली माझ्यासमोर गिळायला लावायची, बाकीच्या घरात ठेवायच्या. या पुड्यांबाबत एक नियम प्रशिक्षणात आमच्याकडून घोकून घेतला होता. तान्ह्या लेकराला द्यायच्या नाहीत आणि पोटुशीला तर अजिबात नाहीत, पोटातल्या जिवाला धोका असतो. शेवटी दाराशेजारच्या भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख घालून सही करायची आणि पुढच्या दारात जायचं.

लोक गोळ्या गिळत नसत, ही माझ्या जन्माची तक्रार. समोर गालात धरायचे आणि मी वळलो की उकिरड्यावर थुंकायचे. तोंड कडू होतं, डोकं गरगरतं, आणि सरकार फुकट देतंय म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असा हिशेब. एका म्हाताऱ्याचं मात्र उलटं होतं. ताप असो-नसो, मी दिसलो की तो ओट्यावर हात पसरून बसायचा. "काढ रं बाबा थोडं. तमाकूनं लय काळं पडलंय." रक्त लालच निघायचं आणि तो निराश व्हायचा. गोळ्या घ्या म्हटलं की म्हणायचा, "त्या तुलाच राहू दे."

भिंतीवरच्या तारखेचंही मला कधी नीट उमगलं नाही. ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची होती. गावोगाव भिंतींवर घोषणा लिहिलेल्या, काही पुसलेल्या, पुसल्यावर परत लिहिलेल्या. अशा दिवसांत खडू घेऊन परक्याच्या दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाकडं कोण सरळ नजरेनं बघणार? एका गल्लीत विचारायचे, ही कोणाची खूण. दुसऱ्या गल्लीतही तेच विचारायचे. मी दोन्हीकडं सांगायचो, मलेरियाची. विश्वास कुठंच बसायचा नाही. टाकळीच्या बौद्धवाड्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं मला अगदी शांतपणे सांगितलं, "साहेब, ताप इचारा, रगत घ्या, पर आमच्या घरावर काय लिवू नका." मला राग आला. साहेबांनी चौकट तपासली तर मी काय दाखवू, असा माझा सवाल. घरावर खूण होण्याची भीती काय असते, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी चौकटीचाच विचार करत होतो.

आता सायकलीकडं येतो, कारण ही हकिकत तिच्याशिवाय घडलीच नसती.

अकरा गावं, एक सायकल, आणि गावांमधले रस्ते काळ्या मातीचे. परभणीकडची माती ज्यानं पाहिलीय त्याला सांगायला नको. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात सायकलचं चाक बसतं. पावसाळ्यात ती चाकाला धरते आणि सोडत नाही. मृग लागायच्या आधी मी दोन्ही मडगार्ड काढून माळ्यावर टाकायचो, म्हणजे माती अडकायला जागा कमी. त्यामुळं चिखलाची एक ओळ थेट पाठीवरून टोपीपर्यंत उठायची. कॅरिअरला एक जुनं खुरपं बांधलेलं असायचं. पन्नास पावलं गेलं की उतरायचं, खुरप्यानं चाक मोकळं करायचं, पुन्हा बसायचं. काचपट्ट्यांची पेटी मेणकापडात गुंडाळून पोटाशी धरायची, कारण मी भिजलो तर वाळतो, पण पट्टीवरचं रक्त भिजलं तर गेलं. घरी बायको म्हणायची, "सुनेला जपावं तसं त्या पेटीला जपता." सायकल चालवायला दोन हात लागतात आणि माझा एक कायम पोटाशी असायचा.

सरी आल्या आणि गेल्या तर काम निभतं. खरी बेजारी झडीची. भाद्रपदात झड लागते तेव्हा पाऊस जोरात पडत नाही, पण थांबतही नाही. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. भिंती ओल्या, चूल धुपते, माणसं आखडून घरात बसतात, आणि मलेरियावाल्याला बोलायला आयतं गिऱ्हाईक मिळतं. अशा दिवसांत ताप भरपूर, पट्ट्या भरपूर आणि चुकाही भरपूर.

त्या साली अशीच झड होती. टाकळीत कोंडाबाईच्या घरी तापाचं माणूस होतं. कोंडाबाई म्हणजे करडी, धिप्पाड, सगळ्या गल्लीला दम देणारी बाई. नवरा दगडूबा तिच्या अर्ध्या आवाजाचा. आतल्या अंधारात गोधडीखाली कुणीतरी कुडकुडत होतं.

"कोण?"

"गंगू. मही लेक."

"वय?"

"आसंल सतरा-आठरा. मोजलं कुनी?"

"हात बाहेर काढा."

गोधडीतून एक हात आला. बांगड्या होत्या, पण बांगड्या तर कोणत्याही पोरीच्या हातात असतात. मी टोचलं, पट्टी केली, चार गोळ्या दिल्या, नाव लिहिलं, चौकटीत तारीख घातली. गंगूचं तोंड मी पाहिलं नाही. विचारायचं होतं ते विचारलं नाही, कारण कागदावर त्याचा रकाना नव्हता.

आठ दिवसांनी निकाल आला. गंगूच्या पट्टीत जंतू होते. मी सोमवारी पाच पुड्या घेऊन टाकळीला गेलो. झड चालूच होती. दारात कोंडाबाई तूर निवडत बसली होती.

"गंगूला बोलवा. पहिली पुडी माझ्यासमोर घ्यायची."

"पडलीय आत. आत्ताच डोळा लागला. ठिवा, देते मी."

नियम समोर गिळायला लावायचा. पण मी मांड्यांपर्यंत भिजलेला, पुढं अजून दोन गावं आणि मध्ये ओढा. मी पाचही पुड्या तिच्या हातात ठेवल्या. "रोज एक, जेवल्यावर. चुकवायची नाही. मागच्यासारखं केलं तर साहेबांना सांगीन," असा दमही दिला, कारण मागच्या पावसाळ्यात तिनं दगडूबाच्या गोळ्या तशाच ठेवल्या होत्या.

"तुमी जावा. देते म्हणलं ना," ती म्हणाली.

बुधवारी माझी फेरी मांडव्याला होती. टाकळीहून मांडवा गाडीवाटेनं तीन कोस. तिथं सरूबाई म्हणून एक बाई होती, मवाळ, बोलकी, आलेल्याला चहा पाजणारी. तिच्या ओट्यावर मी वही उघडली. घरात माणसं चार, आज हजर दोन. "सूनबाई कुठंय?"

"सुनीता व्हय? माहेरी हाय की. टाकळीला, कोंडाबाईकडं. ताप यायलाय म्हणून येऊन घिऊन गेले, झाले पंधरा दिवस. चवथा म्हैना हाय तिला. लय जपा म्हणून सांगितलंय मी."

कप माझ्या हातात तसाच राहिला.

कोंडाबाईकडं तापाचं माणूस एकच होतं आणि त्याचं नाव गंगू होतं. इथं तापाची सुनीता होती आणि तीही कोंडाबाईकडंच होती. मी म्हटलं, "सुनीताचं माहेरचं नाव काय हो?"

सरूबाई हसली. "ते कोन ध्यानात ठिवतंय? लग्नात आमी नाव बदललं. तांदळात आंगठीनं लिवलं, सुनीता. तवापसून सुनीता. माहेरचं नाव आमच्यात कोनी घेत न्हाई."

"गंगू होतं का?"

"आसंल बी. नसंल बी."

"कोंडाबाईला मुली किती?"

"दोन. का तीन? लग्नात एक लहानी नाचायली होती बघा."

"मुलाला विचारू का? बायकोचं आधीचं नाव त्याला माहीत असेल."

"त्यो पालमला गेलाय, पावण्याकडं. उद्या यील."

उद्यापर्यंत चौथी पुडी पोटात गेली असती. सोमवारची एक, मंगळवारची एक, आजची दुपारी जेवल्यावर. आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं की नाचणारी लहानी हीच गंगू असेल. ताप एकाच घरात दोघींना येतो, त्यात नवल काय? मग सुनीता त्या दिवशी कुठं होती? शेजारी? मग तिची पट्टी मी का घेतली नाही? जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी गत. आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना सांगावं तर ते विचारणार, पुडी समोर दिलीस का? मी चहा न पिताच उठलो. सरूबाई मागून म्हणाली, "काय झालं वो?" मी म्हटलं, "काही नाही." इतकं मोठं खोटं मी त्या ओट्यावर पूर्वी कधी बोललो नव्हतो.

खडीच्या रस्त्यानं झरीवरून वळसा होता. गाडीवाट जवळची होती. मी जवळची धरली आणि हातानं धोंडा पायावर पाडून घेतला. पहिल्या शेतातच चाकं जाम. खुरप्यानं काढावं, दहा पावलं जावं, परत जाम. पाऊस तोंडावर बारीक येत होता, चष्मा पुसायला धोतराचं टोकही कोरडं नव्हतं. ओल्या हातानं चष्मा पुसला की अजून धूसर. मी एका वाटेला लागलो, ती एका मळ्यात संपली. परत आलो. दुसरी धरली. ऊस, तूर, कपाशी सगळं एकाच करड्या रंगाचं झालेलं. या वाटेवर मी वर्षानुवर्षं येत-जात होतो आणि त्या दिवशी टाकळी कोणत्या हाताला आहे हे मला कळेना. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. पेटी पोटाशी, सायकल खांद्यावर, आणि मनात एकच हिशेब की पोरगी एक आहे की दोन.

ओढ्याला पाणी आलं होतं. अलीकडं एक म्हातारा दोन बैल घेऊन पाणी उतरायची वाट बघत होता. डोक्यावर पोत्याची खोळ.

"थांबा जरा. कंबरंइतकं हाय. उतरंल घंटाभरात."

"मला थांबता येत नाही."

"कामून? मयत झालंय का कोनी?"

"अजून नाही."

म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोन लागती तुमची?"

"कुणी नाही. बाई पोटुशी आहे. मी तिला नको त्या गोळ्या दिल्यात." मग प्रामाणिकपणे पुढचंही सांगितलं, "म्हणजे, तीच बाई आहे का हे मला माहीत नाही."

"मंग आदी बाई कोन हाय ते तरी बघून यायचं," म्हातारा म्हणाला. माझ्या नोकरीवर इतकी नेमकी टीका माझ्या कोणत्याच साहेबानं केली नाही. पण बोलता बोलता त्यानं बैलाचा कासरा सोडला, एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं बाभळीला गुंडाळून हातात धरलं. "सायकल राहू द्या. ती काय पोटुशी न्हाई."

पाणी छातीशी लागलं. पेटी डोक्यावर धरली. मध्ये एकदा पाय सुटला तेव्हा खरंच पाचावर धारण बसली. मला पोहता येत नव्हतं, हे मी त्याला सांगायला विसरलो होतो. पलीकडं लागल्यावर मी कासरा सोडून दिला आणि पळत सुटलो. चाळिशीच्या माणसानं चिखलात पळणं बघण्यासारखं नसतं.

कोंडाबाई दारातच होती. मला पाहून ती उठून उभी राहिली. आज माझी फेरी नव्हती, आणि मी असा गळ्यापर्यंत चिखलात.

"गंगूचं सासर कुठलं?"

"मांडवा."

"तिथं तिला सुनीता म्हणतात?"

"म्हणतेत की. आमाला गंगूच."

म्हणजे एकच. मी ओट्याचा खांब धरला. "पुड्या?"

ती जराही अडखळली नाही. "दिल्या की. रोज दिऊन राहिले. आजची बी झाली."

मी ओट्यावर बसलो, चिखलासकट. आत गोधडीशेजारी गंगू बसली होती. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिलं. हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र, डोळे खोल गेलेले, आणि पोट आता जरासं कळत होतं. एवढीशी पोर होती. मला रडू येतंय हे मला आधी कळलंच नाही, पाऊस तोंडावर होताच. मी म्हणालो, "कोंडाबाई, त्या पुड्या पोटुशीला द्यायच्या नसतात. मी विचारलं नाही. माझी चूक झाली."

कोंडाबाई आत गेली. कोनाड्यात हळदी-कुंकवाच्या करंड्यामागं तिनं हात घातला आणि माझ्यासमोर येऊन मूठ उघडली. पाच पुड्या. माझ्याच हाताच्या घडीच्या, एकही न उघडलेली.

"दिल्या न्हाईत," ती म्हणाली. "पोटुशीला कडू देत न्हाईत आमच्यात. तुमी वराडताव म्हणून दिल्या म्हणलं."

माझा जीव भांड्यात पडला, पण तो कोणत्या भांड्यात, हे मला आजही सांगता येणार नाही. उभ्या नोकरीत मी या बाईला आणि हिच्यासारख्या शेकडो बायांना गोळ्या दिल्या नाहीत म्हणून बोलत आलो होतो. त्याच सवयीनं एक जीव वाचला होता. शिकलेला मी चुकलो होतो आणि तिची अडाणी समजूत बरोबर निघाली होती. तिनं आधी खोटं का सांगितलं, तर माझ्या भीतीनं. ती भीती मीच घातली होती. आता कुणाला रागवायचं?

"बरं केलं," मी म्हणालो. "नाही दिल्या ते फार बरं केलं."

तिला ते पटेना. "मंग मागल्या साली कामून बोलला मला?"

तेव्हा खरं समजावून सांगायला हवं होतं. कोणत्या गोळ्या कुणाला, का, कधी, सगळं. पण दारात चार बाया जमल्या होत्या आणि मघाशी कबूल केलेली चूक मला आता गिळावीशी वाटायला लागली. मी म्हणालो, "या पुड्या भिजल्या होत्या, म्हणून." पुड्या परत घेतल्या, गंगूला डॉक्टरांकडं दाखवायला सांगितलं आणि निघालो. डॉक्टरांनी तिला साध्या गोळ्यांवर ठेवलं. शिमग्याच्या आधी टाकळीतच तिला मुलगी झाली. मी तिला वहीत चढवलं. ओढ्यापलीकडं माझी सायकल त्या म्हाताऱ्यानं बाभळीला बांधून ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी आणली.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिली नसती. पुढच्या भाद्रपदात दगडूबाला ताप आला. पट्टीत जंतू निघाले, या वेळी जिवावर बेतणारे. मी पुड्या घेऊन गेलो तेव्हा तो गोधडीत काही-बाही बरळत होता. कोंडाबाईनं पुड्या घेतल्या आणि सरळ कोनाड्याकडं वळली.

"आत्ता द्या. माझ्यासमोर," मी म्हणालो.

"कडू हायेत. तुमीच म्हणला ना मागं, न्हाई दिल्या ते बरं केलं."

वर्षभरापूर्वी मी पेरलेलं उगवून माझ्यासमोर उभं होतं. पुड्या भिजल्याच्या माझ्या थापेवर या बाईनं विश्वास ठेवला नव्हता. ठेवला होता तो मी तोंडातून सोडलेल्या एका खऱ्या वाक्यावर, आणि ते अर्धं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. मांडव्याची वही, सरूबाईचा चहा, गाडीवाट, ओढा, कासरा. पुड्या भिजल्या नव्हत्या हेही सांगितलं. पोटुशीला त्या वाईट, पण दगडूबाला त्यांच्याशिवाय दुसरं काही नाही, हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. गंगूची लेक तिच्या कडेवर होती आणि माझ्या चष्म्याकडं हात करत होती.

"म्हंजी तवा तुमी वड्यातून आलता? पाणी आसताना?"

"हो."

"पोहता येतं?"

"नाही."

तिनं नात माझ्या मांडीवर ठेवली, तांब्या भरला, पहिली पुडी उघडली आणि नवऱ्याचं डोकं उचललं. दगडूबानं तोंड घट्ट मिटलं.

"उघडा तोंड," कोंडाबाई म्हणाली. "हे मानूस चुकलं तर पुरातून माघारी येतंय. गिळा."